फाटे थोडे, पुरावा दोन्हीकडचा

गोष्ट ऐन रंगात असताना चित्र थांबते, पडद्यावर दोन-तीन पर्याय उमटतात, प्रेक्षक त्यातला एक दाबतो आणि पुढचे कथानक त्या निवडीमागे जाते. असे ॲनिमेशन व्हिडिओ करायला आता स्टुडिओ लागत नाही. बऱ्यापैकी संगणक, फुकट मिळणारी सॉफ्टवेअरे आणि चिकाटी एवढ्यावर तालुक्याच्या गावी बसूनही ते करता येतात. ते करता येतील का, ही शंका त्यामुळे मिटली आहे; ते कशावर करावेत, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. तोच प्रश्न इथे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांपुरता घेतला आहे. (वेल्ह्याचे नाव राजगड तालुका करण्याचा निर्णय सरकारने २०२४ मध्ये घेतला, पण बोलण्यात अजून वेल्हेच आहे.) पुणे जिल्ह्याचा हा नैर्ऋत्य कोपरा या चर्चेला सोयीचा आहे. इथे किल्ले आहेत, धरणे आहेत, भातखाचरे आहेत, आणि शहर फार लांब नसूनही इथल्या आडगावांना दवाखाना, रेंज आणि एसटी या तिन्ही गोष्टी सवडीनेच मिळतात. माझे म्हणणे असे की कथेला फाटा तिथेच फोडावा, जिथे दोन्ही वाटांवर पुढे काय होते याचा पुरावा आपल्यापाशी आहे. एका बाजूचा पुरावा आणि दुसऱ्या बाजूची कल्पना अशी जोडी लावली की उरते ती करमणूक, आणि निव्वळ करमणुकीसाठी हा खटाटोप फार महाग पडतो. महाग पडतो हे जगभरच्या अनुभवाने दाखवून दिले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

फाटे फुटणारी शिकवणी पडद्याआधी छापील पानावर आली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन क्राउडर याने वायुदलाच्या तंत्रज्ञांना शिकवताना अशी पद्धत बसवली की चुकीचे उत्तर निवडणारा वेगळ्या पानावर जाई. तिथे त्याचे नेमके काय चुकले ते समजावले जाई आणि मग त्याला मूळ प्रश्नाकडे परत धाडले जाई. त्याच सुमारास बी. एफ. स्किनर उलटे सांगत होता: पायऱ्या इतक्या लहान करा की शिकणारा चुकूच नये. क्राउडरला चूक हवी होती, कारण शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चालले आहे ते तिच्यावरून कळते. पुढे ही कल्पना करमणुकीत गेली. एडवर्ड पॅकार्डने १९६९ मध्ये लिहिलेले अशा धर्तीचे त्याचे पहिले पुस्तक १९७६ मध्ये छापले गेले, आणि १९७९ पासून बँटमच्या ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ मालिकेच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पडद्यावरचा पहिला मोठा प्रयोग १९६७ मधला. मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या राडूझ चिनचेराने ‘किनोऑटोमॅट’ मांडला. १२७ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला दोन बटणे. चित्रपट थांबला की मिरोस्लाव्ह होर्निचेक हा नट रंगमंचावर येई, प्रेक्षकांना प्रश्न विचारी, मतदान होई आणि बहुमताप्रमाणे पुढची रिळे चालत. गंमत अशी की मत कसेही पडले तरी कथा पुढच्या थांब्यावर एकाच जागी यायची आणि शेवटी इमारत जळायचीच. चिनचेराने हे मुद्दाम केले होते. निवडीच्या स्वातंत्र्यावरची ती त्याची टिप्पणी होती.

ॲनिमेशनमध्ये हा प्रकार गाजवला तो १९८३ च्या ‘ड्रॅगन्स लेअर’ या आर्केड खेळाने. डॉन ब्लूथच्या चमूने काढलेली सुमारे २२ मिनिटांची चित्रे लेसरडिस्कवर होती. वेळेवर योग्य दिशेला दांडा हलवला नाही की नायक मरे. रेखाटन देखणे होते, पण निवड कसली? एक वाट बरोबर, बाकी सगळ्या मरणाच्या. त्यानंतर नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये मुलांसाठी ‘पुस इन बुक’ आणि २०१८ च्या डिसेंबरात मोठ्यांसाठी ‘बँडरस्नॅच’ आणला. त्यासाठी सुमारे १५० मिनिटांचे चित्रण २५० तुकड्यांत कापले होते. २०२२ मध्ये रणवीर सिंगला बेअर ग्रिल्सबरोबर जंगलात पाठवणारा हिंदी अवतारही आला. आणि मग डिसेंबर २०२४ मध्ये या कंपनीने असे बहुतेक सगळे कार्यक्रम काढून टाकले. मे २०२५ मध्ये ‘बँडरस्नॅच’ही गेला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत करमणूक कंपन्यांपैकी एकीला जे सात-आठ वर्षांत परवडेनासे झाले, ते भोरमधल्या चार हौशी पोरांनी त्याच पद्धतीने करू नये, हे उघड आहे.

महागाईचे मूळ गणितात आहे. समजा कथेत पाच फाटे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय. दर वेळी वाटा वेगळ्याच राहिल्या तर एकूण तुकडे होतात ६३ आणि शेवट ३२. तुकडा अर्ध्या मिनिटाचा धरला तर साडेएकतीस मिनिटांचे ॲनिमेशन करावे लागते, आणि त्यातले एका बैठकीत प्रेक्षक पाहतो फक्त सहा तुकडे, म्हणजे तीन मिनिटे. सेकंदाला बारा चित्रे या काटकसरीच्या हिशेबानेही २२,६८० चित्रे होतात. नटांना घेऊन चित्रीकरण करणारा एकाच जागी, एकाच दिव्याखाली, तीन वेगळे शेवट उरकू शकतो. ॲनिमेशनवाल्याला प्रत्येक सेकंद नव्याने काढावा लागतो. आता चिनचेराची युक्ती लावा: फाटा फुटतो, दोन वाटा थोड्या वेगळ्या जातात आणि पुन्हा एकत्र येतात. पाच फाट्यांचे दहा तुकडे आणि मधले सामाईक सहा, असे सोळा. काम आठ मिनिटांचे, चित्रे ५,७६०, आणि प्रेक्षक त्यातले साडेपाच मिनिटे पाहतो. केलेल्या कामापैकी दोन-तृतीयांश दिसते. यावर आक्षेप ठरलेला आहे: वाटा परत एकत्रच येणार असतील तर ती निवड खोटी नाही का? कधी खोटी असते, कधी नसते. ते विषयावर अवलंबून आहे आणि त्याचे उत्तर पुढे सर्पदंशाच्या उदाहरणात मिळेल.

दुसरी अडचण टिकण्याची. या प्रकाराचे आजवरचे बरेचसे काम नष्ट झाले आहे, तेही वाईट होते म्हणून नव्हे. २००८ पासून यूट्यूबवर चालणाऱ्या व्हिडिओवर टिचकी मारायच्या चौकटी टाकता येत. हौशी मंडळींनी त्यांच्या आधारे शेकडो फाटेदार गोष्टी केल्या. मे २०१७ मध्ये नव्या चौकटी करणे बंद झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये जुन्याही पुसल्या गेल्या. व्हिडिओ राहिले, दारे गेली. फ्लॅशमध्ये केलेली परस्परसंवादी ॲनिमेशने २०२० संपताना फ्लॅशबरोबरच निकालात निघाली. आज यूट्यूबवर मुख्यतः उरली आहे ती व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत येणारी पाटी, तिच्यावर जास्तीत जास्त चार दुवे. पण व्हिडिओ ‘मुलांसाठी’ या वर्गात टाकला की २०२० पासून ती पाटीही मिळत नाही. म्हणजे चौथीच्या वर्गासाठी केलेला फाटेदार व्हिडिओ नियमाने यूट्यूबवर टाकला तर त्याचे फाटेच बंद होतात. यावर इलाज जुनाट वाटेल असा आहे. प्रत्येक तुकडा वेगळी व्हिडिओ फाइल, कोणत्या तुकड्यानंतर कोणते पर्याय हे सांगणारे एक साधे वेबपान, आणि सगळे एका पेनड्राइव्हवर. शाळेतल्या संगणकावर ते इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते. ज्याला हेही जड वाटते त्याने पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडला स्लाइड जोडावी. ते बहुतेक शिक्षकांना आधीच येते. नॉर्वेत तयार झालेले ‘एचफाइव्हपी’ हे मुक्त साधन आहे, त्यात फाटेदार प्रसंगांचा वेगळा साचाच मिळतो. साधन कोणतेही घ्या, मूळ तुकडे आपल्याकडे सुटे असले की कंपनीने दार लावले तरी फक्त वेबपान बदलावे लागते.

आता विषयाकडे. भोर-वेल्ह्यात फाटेदार कथेसाठी ऐतिहासिक प्रसंग शोधायला निघालो तर पहिला मोह रायरेश्वराचा किंवा तोरण्याचा होतो. दोन्ही टाळावेत. तोरणा घ्यायचा की नाही असा फाटा पडद्यावर फोडला तर ‘नाही’ या बाजूला काय दाखवणार? त्याचा कसलाच कागद नाही. असू शकत नाही. पण याच मुलखात एक प्रसंग असा आहे की ज्याच्या दोन्ही बाजू खरोखर घडल्या, आणि त्याही एकाच खोऱ्यात. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा आदिलशाहीने मावळातल्या देशमुखांना फर्माने धाडली. कारीच्या कान्होजी जेध्यांच्या नावचे फर्मान १६ जून १६५९ चे आहे: खानाला सामील व्हा, नाही तर परिणाम भोगा. कान्होजी पाच मुलांना घेऊन राजगडावर शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून त्यांच्या बाजूला राहिले, असे जेधे करीन्यात आहे. तिकडे भोरजवळच्या उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. खानाच्या वधानंतर ते पळाले आणि पुढे जावई हैबतराव शिळीमकर यांच्यामार्फत कान्होजींच्याच आश्रयाला आले. हे शिळीमकर गुंजण मावळचे, म्हणजे आजच्या वेल्ह्याकडचे. कान्होजींच्या शब्दाखातर महाराजांनी खोपड्यांचा जीव राखला, पण उजवा हात आणि डावा पाय तोडण्याची शिक्षा दिली.

यात फाटेदार चित्रपटाची सगळी सामग्री तयार आहे. प्रेक्षकाला कान्होजी करायचे नाही; त्याला कारीच्या वाड्यावरचा सल्लागार करायचे. त्याच्यासमोर जून १६५९ मध्ये जेवढे कळणे शक्य होते तेवढेच ठेवायचे: फर्मानातली धमकी, पिढ्यानपिढ्यांचे वतन, खान पूर्वी वाईचा सुभेदार असल्यामुळे या मुलखाची त्याला असलेली माहिती, त्याच्या फौजेच्या बातम्या, आणि दुसऱ्या बाजूला राजगडावरचा तिशीतही न पोहोचलेला एक राजा. प्रतापगडावर पुढे काय झाले हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून पडद्यालाही ते ठाऊक नसावे. प्रेक्षकाने ‘खानाकडे जा’ असा सल्ला दिला तर चित्रपटाने कान्होजींचे काल्पनिक आयुष्य रचायचे नाही. तिथे कथा कारीवरून उठते आणि उत्रौलीला जाते. तो सल्ला ज्यांनी खरोखर मानला त्यांचे काय झाले ते दिसते. अशा रचनेत एकही तुकडा बनावट नसतो, तरी निवड खरी राहते. सोयीचे असे की नवी पात्रे फारशी लागत नाहीत. वाडा, घोडे, डोंगर, मावळ्यांचा वेश हे सगळे दोन्ही बाजूंना सामाईक आहे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला भावनेचा: मुलांच्या हाती ‘स्वराज्याच्या विरुद्ध जा’ असे बटण द्यायचे का? तर उलट विचार करून पाहावा. ज्या कथेत दुसरी वाट दिसतच नाही त्या कथेत कान्होजींनी काय सोडले तेही दिसत नाही. वतन सोडणे म्हणजे काय हे कळायला ते राखण्याचा मोह आधी जाणवावा लागतो. मात्र खोपड्यांना खलनायकाचा रंग देऊन उभे करणे हा अभ्यासाचा आळस ठरेल. मावळातले आणखीही देशमुख त्या वर्षी कचरत होते, आणि त्या घराण्यांची आडनावे आजही याच गावांत आहेत. दुसरा आक्षेप इतिहासकाराचा: करीना हा एका घराण्याचा स्वतःविषयीचा कागद, तो स्वतःला झुकते माप देणारच. बरोबर आहे, आणि म्हणून पडद्यावर कोणती गोष्ट कोणत्या कागदातली हे दिसायला हवे. सरळ चालणाऱ्या चित्रपटात तळटीप देता येत नाही. इथे चित्र थांबतेच, त्या थांब्यावर ‘हे कशावरून?’ असे तिसरे बटण ठेवायला खर्च जवळजवळ शून्य आहे. या माध्यमाच्या ज्या सोयीचा फायदा कोणी घेत नाही ती हीच असे मला वाटते.

इतिहासापेक्षा निकडीचा विषय सर्पदंशाचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सापाच्या चाव्याने दगावल्याचा अंदाज मांडला. केंद्राने २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. भातशेतीचा, पावसाचा आणि जमिनीवर झोपायचा मुलूख म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचाच मुलूख. वरंध घाट उतरला की महाड. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी बारकाईने ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर लागू पडते हे जगाला दाखवले. आडबाजूच्या दवाखान्यात नीट ठेवलेली वही किती मोलाची असते याचा याहून जवळचा दाखला नाही. सर्पदंशाचा फाटा अशा नोंदींवरच उभा राहू शकतो.

एक तुकडा जवळून पाहू. आषाढातली रात्र, घड्याळात दोन. घरातली सगळी जमिनीवर आडवी झालेली. बारा वर्षांचा मुलगा उठून बसतो: “आये, पोटात लई दुखतंय.” अंगावर सूज नाही, रक्त नाही, साप कोणी पाहिलेला नाही. चित्र इथे थांबते, पण गोठत नाही. कंदिलाची वात हलत राहते, बाहेर पाऊस चालू, म्हणजे निवड होईपर्यंत तोच दोन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो. पर्याय तीन: ओवा देऊन झोपव, अंथरूण झटकून बघ, शेजारच्याला उठव. मण्यारीचा चावा बहुधा असाच असतो, जवळजवळ न दुखणारा. खूण सापडेलच असे नाही, पण रात्री झोपलेला माणूस पोटदुखीने उठतो आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात. त्या पापण्या काढणे हेच चित्रकाराचे सगळ्यात कठीण काम. पाच-सहा चित्रांत त्या जेमतेम खाली याव्यात, झोपेसारख्या दिसाव्यात आणि तरी झोप वाटू नयेत. पुढचा फाटा: दोरी आवळून बांधायची, ब्लेडने चिरायचे, की हातपाय न हलवता फळीला बांधून १०८ ला फोन करायचा. त्यापुढचा: देवऋषी की दवाखाना. कोपऱ्यात घड्याळ चालू असते आणि प्रत्येक तुकडा त्यात आपली मिनिटे टाकतो.

वाटा परत एकत्र येतात म्हणून निवड खोटी, या आक्षेपाचे उत्तर इथे आहे. प्रत्यक्षातही शेवटी बहुतेक वाटा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नाही तर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या दारातच येतात. फरक पडतो तो किती वाजता आलो, चालवत आणले की उचलून, आवळपट्टी होती की नव्हती, यात. चित्रपटाने फक्त एवढे लक्षात ठेवायचे आणि शेवटच्या तीन तुकड्यांतला कोणता लावायचा ते त्यावरून ठरवायचे. आठ मिनिटांच्या कामात हे बसते आणि खऱ्या घटनेच्या आकाराशी जुळते.

पण खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि तो गावातून येतो. देवऋष्याकडे नेलेली माणसे वाचतात, हे गावाने पाहिलेले असते. बिनविषारी साप चावतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो, आणि अशा प्रत्येक रुग्णाचे श्रेय मंत्राला जाते. अशा श्रोत्यांपुढे ‘देवऋष्याकडे गेला की मेला’ असा फाटा ठेवला तर ते चित्रपटालाच खोटे ठरवतील, आणि त्यांचे बरोबर असेल. पुराव्याशी प्रामाणिक राहायचे तर त्या वाटेला दोन शेवट हवेत आणि कोणता लागेल हे संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायला हवे. एका बैठकीत पोरगा वाचतो, तीच निवड पुन्हा केली तर वाचत नाही. वर्गात चार गटांनी तीच वाट धरली आणि त्यांना वेगवेगळे शेवट मिळाले की ‘आमच्या आजोबांना तर काही झालं नव्हतं’ या वाक्याला व्याख्यान न देता उत्तर मिळते. सरळ चालणाऱ्या चित्रपटाला हे करता येत नाही, भिंतीवरच्या फलकाला तर नाहीच. यासाठी लागतो तो अर्ध्या मिनिटाचा एक जादा तुकडा.

हे पाहायचे कसे, हाही बनवण्याचाच भाग आहे. नेटफ्लिक्सचा प्रेक्षक एकटा, रिमोट हातात घेतलेला आणि ‘बँडरस्नॅच’मध्ये तर दहा सेकंदांत ठरवायला लावलेला. भोर-वेल्ह्याला होर्निचेकची पद्धत जास्त मानवेल. शाळेत एक पडदा, ग्रामपंचायतीत एक टीव्ही, समोर तीस-चाळीस माणसे, हात वर करून मतदान आणि मध्ये उभी असलेली आशाताई किंवा गुरुजी. महाराष्ट्राला हे नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र उभे धरून कथा लावतात. चित्र स्थिर, माणूस बोलता. १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी आगकाड्या हलवून दाखवल्या आणि १९३४ मध्ये पुण्यात प्रभातने ‘जंबूकाका’ हे व्यंगचित्र चालवले, तेव्हापासून चित्र हलू लागले आणि बाजूचा माणूस गेला. फाटेदार चित्रपट त्याला परत बोलावू शकतो. मात्र त्यासाठी थांब्याला मुदत घालायची नाही. मत पडण्याआधी ‘ओवा कशाला, आधी अंथरूण झटका’ अशी जी वादावादी होते ती पाच मिनिटे चालली तर चालू द्यावी. पोरे सगळी बटणे दाबून बघतात, मग निवडीला अर्थ काय, असे विचारणाऱ्यांना क्राउडरची आठवण करून द्यावी. सगळ्या चुका करून पाहणे इथे फुकट आहे, खाचरात नाही.

बाकी तांत्रिक बाबी लवकर आटोपतात. ब्लेंडर, ओपनटून्झ, सिनफिग ही तिन्ही मोफत आहेत. कागदाच्या कापलेल्या आकृत्या मोबाइलने टिपूनही चांगले काम होते. जोडाक्षरे मोडणाऱ्या सॉफ्टवेअरशी भांडण्यात दिवस घालवण्यापेक्षा बटणावरचा मजकूर चित्र म्हणून आणावा. संवाद गावातल्या माणसांकडून बोलून घ्यावेत. पुण्याच्या छापील बोलीतली आई रात्री दोन वाजता कोणालाच खरी वाटणार नाही. बटणावर तीन-चार शब्दांपेक्षा जास्त नकोत, आणि दोन्ही बटणे सारख्याच लांबीची हवीत. लांब उत्तर बरोबर असते हे परीक्षेला बसलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. 

आता सगळ्यात नवा आक्षेप. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वाक्य लिहिले की व्हिडिओ काढून देतात. मग ६३ तुकडे काय आणि ६३० काय, काटकसर कशाला? चित्र काढण्याचा खर्च खरोखर घटला आहे आणि आणखी घटेल. पण त्याने माझ्या मुद्द्याला बळच मिळते. तुकडा काढायला मिनिट लागले तरी तो खरा आहे का हे पाहायला डॉक्टर, सर्पमित्र किंवा मोडी वाचणारा माणूस लागतोच, आणि त्याचा वेळ स्वस्त झालेला नाही. ही साधने घोणशीच्या अंगावर अजगराचे ठिपके काढतात, एकाच मुलाचा चेहरा तिसऱ्या तुकड्यात बदलतात, सतराव्या शतकातल्या मावळ्याला कुठल्या तरी मालिकेतली पगडी घालतात. करमणुकीत हे खपते. ज्या व्हिडिओवरून कोणी घोणस ओळखणार आहे त्यात खपत नाही. चित्रे स्वस्त झाली म्हणून फाटे वाढवले तर न तपासलेले फाटेच वाढतील.

पुराव्याची ही अट लावली की एक मोठा विषय बाहेर पडतो, आणि तो वेल्ह्यातलाच आहे. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण १९६१ च्या पावसाळ्यात पुरते तयार नसताना भरले, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, १२ जुलैच्या सकाळी ते फुटले, खाली खडकवासलाही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ‘आदल्या रात्री शहर रिकामे करायला सांगायचे का?’ हा फाटा इतका नाट्यमय आहे की कोणीही पटकथाकार त्यावर झडप घालेल. न सांगितल्याच्या बाजूला चौकशी आयोगाचे कामकाज आहे, छायाचित्रे आहेत, अख्ख्या शहराची आठवण आहे. सांगितले असते तर किती वाचले असते, अंधारात पुलांवर किती चेंगरले असते, लोकांनी ऐकले तरी असते का, याला काहीच आधार नाही. ती बाजू रंगवली की प्रेक्षक अधिकाऱ्यांना दोष देऊन मोकळा होतो आणि त्या रात्री त्यांना काय ठाऊक होते हा प्रश्न मागे पडतो. पानशेतवर ॲनिमेशन व्हावे, पण सरळ एका वाटेचे. त्यात थांबे असावेत, त्या थांब्यांवर धरणाच्या बांधावरून आलेले निरोप ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वाचायला मिळावेत, आणि पुढे जायला एकच बटण असावे.